गप्प माणसाचं उपप्रमेय

मंगळवार, १३ मे २०१४

छापखान्यातून प्रबंधाची पुस्तकं आली. सहा खोकी. आमचा जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच, त्यामुळे हिल्केला बोलवावं लागलं. ती ब्रिजवर कामाला आहे, कालव्यावरचा पूल उचलायचा आणि खाली आणायचा. हातात ताकद आहे आणि धाकट्या बहिणीला चार गोष्टी सुनावायची हौसही आहे.

पुस्तक हातात घेताच तिने, प्रबंधासोबत रिवाजाने द्यावी लागतात त्या नऊ विधानांचा सुटा कागद ओढून काढला. पहिल्या आठ विधानांवर मी दोन महिने घालवले. लोक वाचतात ते शेवटचं, गमतीचं. तिने मोठ्याने वाचलं, "विधान नववं. ग्रोनिंगनमध्ये गप्प बसलेल्या माणसाला काही माहीत नाही असं समजणारा पाहुणा तिसऱ्या कॉफीपर्यंत टिकत नाही." म्हणाली, हे एकच खरं दिसतंय, बाकीचं काय आहे ते एका वाक्यात सांग.

एका वाक्यात झालं नाही. मी म्हटलं, कोणाला काय माहीत आहे, हे दुसऱ्याला कधी माहीत होतं, त्याचं हे तर्कशास्त्र आहे. घड्याळाच्या ठोक्यागणिक. समज, काही जणांना एक मुदत दिली आहे. एक ठोका गेला आणि तू बोलली नाहीस, तर तुला अजून कळलेलं नाही एवढं मला कळतं. त्यावरून पुढच्या ठोक्याला मला आणखी काही कळतं. असं करत मुदत संपेपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचं कळतं. चौथं प्रकरण तेच आहे, प्रबंधाचा कणा.

"म्हणजे मी गप्प बसले की मी अडाणी," हिल्के म्हणाली.

मग तिने पुलावरची गोष्ट सांगितली. परवा एक सायकलवाला ऐन पुलाच्या मध्यावर बुटाची नाडी बांधत बसला. फाटकं पडायची होती. तो हिल्केला दिसला, पलीकडच्या काठावरच्या बाउकेलाही दिसला, आणि बाउकेला दिसलाय हे तिलाही दिसलं. दोघंही कर्ण्यावरून काही बोलले नाहीत. खाली नावेवाला भोंगा वाजवून बेजार, त्याला वाटलं या दोघांना तो माणूस दिसलेलाच नाही. मी विचारलं, तुम्ही ओरडला का नाहीत? "कशाला ओरडायचं? माणूस घाबरतो, गाठ चुकते. त्याला त्याचं बांधू दे की."

मी हसले आणि उरलेली खोकी वर आणायला गेले.

बुधवार, १४ मे

पान ८३. उपप्रमेय ४.७. सिद्धतेची चौथी ओळ.

सकाळी दात घासताना तो नावेवाला आठवला आणि ब्रश तसाच तोंडात ठेवून मी पुस्तक उघडलं. पान ७१ वर मी व्याख्या दिली आहे: ज्याला कळलं त्याला पुढच्या ठोक्याला बोलण्याची मुभा आहे. मुभा. आणि पान ८३ वर मी त्याला बोलायला लावलं आहे. तो बोलला नाही, म्हणून त्याला माहीत नाही. झालं सिद्ध.

झालं कसलं कपाळ! हिल्के आणि बाउके, दोघांना माहीत, दोघं गप्प. दोन माणसं आणि एक पूल एवढ्यात उपप्रमेय खोटं ठरतं. ते गेलं की प्रमेय ४.९ गेलं, आणि ते गेलं की चौथं प्रकरण गेलं. पाच परीक्षकांनी वाचलं, मंजूर केलं, छापून आलं. पाच वर्षं मी हे घोकलं, आणि जन्म काढला अशा मुलखात, जिथे शेजाऱ्याचं घर जळत असलं तरी माणूस आधी टोपी सारखी करतो आणि मग सांगतो.

शुक्रवार, १६ मे

दुरुस्त होत नाही. 'बोललंच पाहिजे' असं व्याख्येत घातलं तर तिसऱ्या प्रकरणातली उदाहरणं मोडतात. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे.

आता सरळ लिहून काढते, म्हणजे स्वतःशी तरी खोटं नको. जाहीर परीक्षा गुरुवारी, १२ जूनला. आत्ता कळवलं तर मंडळ परीक्षा पुढे ढकलेल, निदान सहा महिने. नॉर्वेतली नोकरी १ सप्टेंबरपासून आहे आणि ती पदवीशिवाय मिळत नाही. नाही कळवलं, तर पदवी मिळेल आणि एक खोटं उपप्रमेय माझ्या नावाने ग्रंथालयात बसेल. कोणाच्या लक्षात आलेलं नाही. आलं असतं तर ते बोलले असते.

मंगळवार, २० मे

रूर्डने बोलावलं होतं. माझे मार्गदर्शक प्राध्यापक रूर्ड हानस्ट्रा उस्क्वेर्ट गावचे, म्हणजे आमच्यातही सगळ्यात गप्प. आठवड्याला दहा वाक्यं त्यांना पुरतात. माझ्या तिसऱ्या प्रकरणावर ते म्हणाले होते, "याहून वाईट झालं असतं." आमच्याकडे याच्यावर कौतुक नाही. मी त्या दिवशी केक आणला होता.

आज ते पावाला लोणी लावत बसले होते. खूप वेळ, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत. मग म्हणाले, छापखान्याचा निरोप आहे, पुस्तकात दुरुस्तीची चिठ्ठी घालायची असेल तर ३ जूनपर्यंत देता येईल. चेहरा मी उत्तम सांभाळला. म्हटलं, दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकलाय, तेवढ्यासाठी कशाला.

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "झोप लागते ना?"

हो म्हटलं. त्यावर त्यांनी अर्धा पाव चीजसकट माझ्यापुढे सरकवला. पाच वर्षांत त्यांनी मला कधी पेपरमिंटची गोळीसुद्धा दिलेली नाही. निवृत्ती जवळ आली की माणूस मऊ होतो म्हणतात. एक मात्र नक्की झालं, त्यांना काही माहीत नाही.

शनिवार, २४ मे

हिल्केच्या केबिनमध्ये बसून तिला सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं आणि परीक्षेला ती माझी पाठराखीण आहे. काळा कोट घालून माझ्या शेजारी उभी राहणार, तर तिला कळायला हवं की ती कोणाची पाठ राखते आहे.

ती म्हणाली, सांगून टाक. मी सहा महिने आणि नॉर्वे सांगितलं. ती म्हणाली, मग नॉर्वे जाईल. तिला बोलायला काय जातं, तिचा पूल जागचा हलत नाही.

"आणि रूर्डला माहीत असणार," ती म्हणाली.

"माहीत असतं तर ते बोलले नसते का?"

हिल्के माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी म्हणणार होती, पण तेवढ्यात नाव आली आणि तिने पूल उचलला.

बुधवार, २८ मे

प्राध्यापक वानहाउटेंचा मेल. माझी झोप उडाली आहे ती या बाईंमुळे. फ्लँडर्सच्या. परीक्षकांत सगळ्यात कडक. त्यांच्या एका प्रश्नाने मागे एक माणूस व्यासपीठावरच रडला होता म्हणतात. मेल तीनच ओळींचा. १२ जूनला सकाळच्या गाडीने येते. प्रबंध दोनदा वाचला. "तुमचं नववं विधान मला फार महत्त्वाचं वाटलं, त्यावर विचारीन."

मी खुर्चीतल्या खुर्चीत हसले. दोनदा वाचून बाईंना आवडला तो विनोद! पान ८३ चा उल्लेख नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, दोन आठवडे मी उगाच प्रत्येक खोकल्यात अर्थ शोधत होते. आज मोहरीचं सूप केलं आणि दोन वाट्या प्याले.

मंगळवार, ३ जून

दुपारी चारला रूर्ड विद्यापीठातल्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, कोट घालून, सायकलची पिशवी खांद्यावर.

"आज तीन तारीख."

"हो," मी म्हटलं. "मंगळवार."

"बाकी काही?"

नाही म्हटलं. त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेरच्या लाकडी फळ्यांवर पावलं वाजायला हवी होती, ती वाजली नाहीत. मी मोजत बसले. एक, दोन, तीन, असे आठ सेकंद. मग ते गेले. बुटाची नाडी सुटली असेल.

आता चिठ्ठीची मुदतही संपली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटत नाही.

रविवार, ८ जून

आज एक गणित केलं. लाज वाटते, पण लिहिते.

परीक्षा बरोबर पंचेचाळीस मिनिटांची. पंचेचाळिसाव्या मिनिटाला चोपदार दंड घेऊन आत येणार, जमिनीवर आपटणार आणि लॅटिनमध्ये म्हणणार, वेळ झाली. त्यानंतर कोणीही एक शब्द बोलायचा नाही, उमेदवार वाक्याच्या मध्यावर असला तरी. परीक्षक पाच. वानहाउटे शेवटच्या. पहिल्या चौघांना मी दहा-दहा मिनिटं खेळवलं तर बाईंना उरतात पाच. त्यात रिवाजाप्रमाणे उत्तराआधी 'परमविद्वान प्रतिपक्ष महोदया' म्हणण्यात दर खेपेला चार सेकंद. त्या नववं विधान विचारणारच आहेत, त्या विनोदात तीन मिनिटं सहज जातील. उरलेल्या दोन मिनिटांत पान ८३ पर्यंत कोण पोचतं?

हिल्केला हातात घड्याळ देऊन सराव केला. तिसऱ्या लांबलचक उत्तराला तिने घड्याळ टेबलावर ठेवलं. म्हणाली, "तुझं हे बोलणं ऐकवत नाही गं. तू अशी नव्हतीस."

मला राग आला. तिच्या बोलण्याचा नाही, ते खरं होतं त्याचा. तिला घरी जा म्हटलं आणि ती गेली.

बुधवार, ११ जून

ड्रेसला इस्त्री केली. हिल्केचा निरोप: उद्या दहाला येते, कोटाला बटण लावायचंय. बास, एवढंच. देवाला म्हणा की घड्याळाला म्हणा, उद्याचा दिवस एकदाचा जाऊ दे.

शुक्रवार, १३ जून

काल झालं ते उतरवून ठेवते.

सभागृहात पहिल्या ओळीत आई, तिच्या मागे पुलावरची सगळी माणसं, बाउकेसुद्धा टाय लावून. माझ्या डावीकडे हिल्के. समोर काळ्या झग्यांत पाच परीक्षक, मध्ये रूर्ड. त्यांच्या डोक्यावर भिंतीत घड्याळ.

माझं गणित अचूक चाललं. पहिल्याला अकरा मिनिटं, दुसऱ्याला दहा. मला बोलता येतं हे मलाच नव्याने कळत होतं. तिसरा, चौथा. चौथ्याला उत्तर देताना मी रूर्डकडे पाहिलं. ते घड्याळाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, पावाला लोणी लावत होते तसे शांत.

चाळिसाव्या मिनिटाला वानहाउटे उभ्या राहिल्या. बुटक्याशा बाई, आवाज मऊ. त्यांनी माझं पुस्तक उघडलंसुद्धा नाही, हातात फक्त तो सुटा कागद होता. नववं विधान त्यांनी वाचून दाखवलं. पुलावरची माणसं खूप हसली. बाई हसू ओसरेपर्यंत थांबल्या.

"उमेदवारांना हे विधान खरं वाटतं का?"

एवढाच प्रश्न. तीन मिनिटांचा विनोद माझ्या तोंडात तयार होता. मी 'परमविद्वान प्रतिपक्ष महोदया' म्हटलं आणि पुढचं वाक्य येईना. खरं म्हटलं तर पान ८३ खोटं. खोटं म्हटलं तर माझ्या मागे बसलेली चाळीस गप्प माणसं खोटी, माझी आई खोटी. आणि हे बाईंना माहीत होतं. त्यांना माहीत आहे, हे मला त्याच क्षणी कळलं. त्यांच्या बोलण्यातून नाही, त्या कशा थांबल्या होत्या त्यावरून. घाई न करता. बाउके थांबतो तशा.

हिल्के शेजारी हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, म्हणून मला बोलता आलं.

"खरं वाटतं," मी म्हटलं. "आणि ते खरं असेल तर माझं उपप्रमेय ४.७ खोटं आहे. पान ८३, चौथी ओळ. मला हे चौदा मेपासून माहीत आहे."

मग मी सायकलवाल्याची गोष्ट सांगितली. नाडी, हिल्के, बाउके, भोंगा वाजवणारा नावेवाला. म्हटलं, मी पाच वर्षं त्या नावेवाल्याचं तर्कशास्त्र लिहिलं. चौथं प्रकरण उभं राहत नाही. पहिली तीन राहतात. आणि बोलता बोलता, अगदी तिथल्या तिथे, महिनाभर जे सुचलं नव्हतं ते सुचलं. प्रत्येकाचा गप्प राहण्याचा वेळ वेगळा असतो. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा अवधी द्यायचा, आणि तो अवधी बाकीच्यांना माहीत असेल तरच त्याच्या गप्प बसण्यावरून काही काढता येईल. म्हणजे प्रमेय ४.९ मध्ये एक अट घातली तर ते अजूनही—

दार उघडलं. चोपदार मधल्या वाटेने आला, दंड आपटला. वेळ झाली.

मी थांबले. परीक्षक उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, संपलं. हिल्केने माझा हात धरला, तिच्या तळव्याला पुलाच्या दांड्याचे घट्टे आहेत, ते टोचत होते आणि बरं वाटत होतं. आईने मागून विचारलं, नापास झालीस का? मी म्हटलं, बहुतेक.

वीस मिनिटांनी ते परत आले. चौथं प्रकरण दुरुस्त करून चिठ्ठीसह द्यावं अशी अट घालून पदवी दिली. मग रिवाजाप्रमाणे रूर्ड माझ्याविषयी बोलायला उभे राहिले. त्यांच्या हातात छोटा कागद होता.

"नऊ मेला प्राध्यापक वानहाउटेंचं मला एका ओळीचं पत्र आलं. पान ८३, ओळ चौथी, तिला माहीत आहे का? मी कळवलं, अजून नाही. वीस मेला मी त्यांना पुन्हा लिहिलं, आता माहीत आहे. त्यांनी उत्तर दिलं, मग थांबू." त्यांनी कागदाची घडी घातली. "आम्ही थांबलो. याहून वाईट झालं असतं."

पुलावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे त्या वाक्याला टाळ्या वाजतात. मी रडले.

वीस मे. म्हणजे अर्ध्या पावाच्या दिवशी. आणि मी लिहून ठेवलं आहे की चेहरा उत्तम सांभाळला.

मंगळवार, १७ जून

चार दिवस आनंदात गेले आणि आज राग आला. सकाळी उठले तीच रागात. ते दोघं महिनाभर बघत बसले. मी जेवत नव्हते, बहिणीला घराबाहेर काढलं, आणि यांना सगळं माहीत!

रूर्डना फोन केला, म्हटलं, भेटायचं आहे. ते म्हणाले, तुझ्या बहिणीच्या पुलाजवळ बाक आहे, तिथे ये. तीन वाजता पोचले तर ते आधीच येऊन बसले होते. माझ्यासाठी कागदात गुंडाळलेला अंड्याचा वडा, गरम.

मी सगळं बोलून घेतलं. म्हटलं, हा छळ होता. एका शब्दाने काम झालं असतं. त्यांनी मान हलवली, म्हणजे कबूल. म्हणाले, "छळ झाला खरा. दारात उभा राहिलो तेव्हा बोलणार होतो."

मग मी ते विचारलं, ज्यासाठी फोन केला होता.

"गुरुवारी मी तो विनोद करून वेळ काढला असता तर? तुम्ही सही केली असती?"

ते पाण्याकडे बघत राहिले. वाळूने भरलेली नाव येत होती. वर केबिनमध्ये हिल्केने आम्हाला पाहिलं, हात केला नाही. घंटा वाजली, फाटकं पडली, पूल वर गेला. नाव सावकाश खालून गेली. मी सेकंद मोजायला लागले आणि चाळीसच्या पुढे सोडून दिलं. पूल खाली आला, फाटकं उघडली, सायकली निघाल्या. रूर्डनी वड्याच्या कागदाची घडी करून खिशात ठेवली.

ते काही बोलले नाहीत. महिन्यापूर्वी त्यावरून काय सिद्ध होतं ते मी सांगू शकले असते. आज वडा संपेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिले.